आत्याचे शेजारी आणि रशियाचे सूर्यफूल

सुरुवातीलाच वाचकांची माफी मागतो. लिहिणे हे माझे काम नव्हे. बेलपाड्याच्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही कॉमर्सची. त्यामुळे आजवर माझ्या हातून जे लिहून झाले ते परीक्षेच्या पेपरात. एखाद्या माणसाबद्दल लिहायचे तर त्याला आधी विचारावे की नाही, त्याचे नाव घालावे की नाही, हेही मला नीट ठाऊक नाही. म्हणून नाव घालत नाही. ते माझ्या आत्याचे शेजारी होते, एवढी ओळख पुरे. बाकी सगळे मी चाचरतच लिहिणार आहे, पण एक गोष्ट मात्र न घाबरता लिहितो. पनवेलच्या एका आळीत, घराच्या ओटीवर बसून, अख्ख्या सोव्हिएत संघाशी एकट्याने सामना लढणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल. आणि सामना कशात, तर सूर्यफुलाच्या बियांत.

अकरावीला मी पनवेलला आत्याकडे राहायला आलो तेव्हा हा सामना ऐन रंगात होता. माझी पत्र्याची ट्रंक अजून दारातच होती, तोच पलीकडच्या ओटीवरून प्रश्न आला, "कुठली शाखा?" मी म्हणालो, "कॉमर्स." लगेच दुसरा प्रश्न, "मग पुरवठा म्हणजे काय, सांग." मला वाटले, शहरात नव्या माणसाची अशीच परीक्षा घेत असावेत. मी घाबरत मागणी, किंमत असे काहीबाही बोललो. "ते नको," ते म्हणाले. "समज, आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचा डबा आहे. गेल्या महिन्याचे उरलेले दाणे, त्यात या महिन्यात आणलेले मिळवायचे, तुझ्या आत्याकडून उसने घेतलेले मिळवायचे, आणि तिला परत दिलेले वजा करायचे. जे राहिलं तो पुरवठा. देशाचंही तसंच." आतून काकूंचा आवाज आला, "डब्यात काय राहिलंय ते तुम्हाला कधीपासून कळायला लागलं हो?" ते जराही न अडखळता म्हणाले, "हे बघ, आकडेवारी गोळा करणाऱ्या खात्याचा आणि आपला असा कायम मतभेद असतो." कॉलेजात पुढे मला पुरवठा पुष्कळांनी शिकवला, पण अजूनही तो शब्द वाचला की मला काकूंचा शेंगदाण्याचा डबा दिसतो.

ते मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून गोणी उतरत असताना कठड्याशी उभे राहून मोजायचे, चार उभ्या रेघा मारायच्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी, हे काम त्यांनी जन्मभर केले. नोकरी संपली तरी बोटे थांबली नाहीत. कुठेही काही एकामागून एक जाताना दिसले की त्यांचा अंगठा तर्जनीवर रेघा मारू लागे. लग्नात ते मांडवाच्या दाराशी उभे राहत आणि येणारी माणसे आपोआप मोजली जात. आळीतल्या मुलींच्या बापांना ही सवय फार सोयीची होती. पंगत बसण्याआधी आचारी थेट त्यांच्याकडे येई आणि ते सांगत त्याप्रमाणे भात टाके. एका लग्नात मुलाकडची मंडळी कमी आली, म्हणून मुलीचा बाप मनात खट्टू झाला होता. हे त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "माल थोडा आलाय, पण एकही गोणी फुटकी नाही." त्या गृहस्थांना हसू आवरेना. मोजलेल्या गोष्टीबद्दल त्यांना एक प्रकारची माया वाटे. मोजले म्हणजे आपण तिला पाहिले, असे ते म्हणत.

आता सूर्यफूल कुठून आले ते सांगतो. ते तरुण असताना एक रशियन जहाज गोदीला लागले होते आणि त्यातून सूर्यफुलाच्या बियाण्याच्या गोणी उतरत होत्या. तेलासाठी सूर्यफूल पेरायची आपल्याकडे तेव्हा नुकती सुरुवात होत होती आणि बियाणे तिकडून आणावे लागे. दुपारच्या सुट्टीत एका धिप्पाड रशियन खलाशाने त्यांच्या ओंजळीत भाजलेल्या बिया ओतल्या आणि खाण्याची खूण केली. आपल्या देशाची लाज राखायची म्हणून यांनी त्या सगळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि सालीसकट चावून गिळल्या. तो खलाशी हसू लागला, त्याने आणखी दोघांना बोलावले, ते हसू लागले. शेवटी वरचा कप्तानही कठड्यावरून वाकून हसला. मग त्या खलाशाने दातांत बी धरून, जिभेने गर काढून, साल कशी थुंकायची ते त्यांना शांतपणे शिकवले. "राग नाही आला," ते मला सांगत, "माणूस चांगला होता. पण त्या हसण्याला काहीतरी उत्तर द्यायला हवं ना! बियाणं त्यांचं, खाण्याची रीत त्यांची. शिष्याने एकदा तरी गुरूच्या पुढे जायलाच हवं."

म्हणून निवृत्त झाल्यावर एका पाडव्याला, गुढी उभारून झाल्यावर, त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असे जाहीर केले की सूर्यफुलाच्या बियांच्या पुरवठ्यात भारत रशियाच्या पुढे जाईपर्यंत ते तळलेले काही खाणार नाहीत. लोक हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. कारण काकूंचे नाव पनवेलात ज्या एका गोष्टीसाठी घेतले जाई ती म्हणजे त्यांचे तळलेले बोंबील. बोंबलातले पाणी दगडाखाली दाबून काढायचे, आले-लसूण लावायचे, रव्यात घोळवायचे आणि तव्यावर अशा बेताने सोडायचे की बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखे. ही विद्या त्यांच्या हातात होती आणि ती जाणणारा पहिला माणूस नवराच होता. नवीन लग्न झाले असताना त्या सासरी सगळ्यांना बिचकायच्या. पहिल्यांदा बोंबील तळले तेव्हा सासऱ्यांसमोर, कुणी बायकोचे कौतुक करत नाही अशा काळात, हे म्हणाले होते, "अजून आहेत का?" त्या तीन शब्दांवर आपण या घरात रुजलो, असे काकू माझ्या आत्याला सांगत. आणि आता तोच माणूस कालवणाशी भात खाऊन मुकाट्याने उठत होता. "तव्यावरचं म्हणजे काही तळण नाही, ते परतलेलं," असा एक मार्ग आत्याने सुचवून पाहिला. ते म्हणाले, "वहिनी, तेल ते तेल. समोरच्यांनी असली पळवाट काढली असती का?"

रशियाला ते कधी शत्रू म्हणत नसत, म्हणत "समोरचे". समोरच्यांच्या आकड्याशेजारी आपला आकडा ठेवला की तो कडेवरच्या मुलासारखा दिसे. जगात सगळ्यात जास्त सूर्यफूल पिकवणाऱ्यांशीच त्यांनी स्पर्धा लावली होती. आत्या एकदा म्हणाली, "अहो, एखादा बेताचा देश तरी बघायचा होता." तर ते दुखावले. त्यांनी मला एकदा त्रैराशिक मांडायला लावले, आपण असेच वाढत राहिलो आणि समोरचे जागच्या जागी राहिले तर पुढे कधी जाऊ. मी गणित केले आणि उत्तर सांगायला कचरू लागलो, कारण उत्तरात आलेल्या वर्षी मी स्वतःच निवृत्त होणार होतो. त्यांनी कागद हातातून घेतला, पाहिला, आणि अगदी प्रसन्नपणे म्हणाले, "म्हणजे येणार तर नक्की! तू खा तेव्हा माझ्या वाटणीचे बोंबील." आतून भांडे जोरात आपटल्याचा आवाज आला.

हे आकडे ज्या पुस्तकात येत ते पुस्तक आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत होते. परदेशातून येणारे, जाडजूड, सगळ्या जगातल्या धान्यांचे आणि तेलबियांचे वार्षिक पुस्तक. ते छापून, जहाजाने, कुठे कुठे थांबत पनवेलला पोहोचेपर्यंत त्यातले आकडे दोन वर्षांचे शिळे झालेले असत. ते मागणारा वाचक ग्रंथपालांनी कधी पाहिला नव्हता. त्यामुळे आत्याच्या शेजाऱ्यांना मी पाहुणे म्हणून घेऊन गेलो तेव्हा त्यांनी खुर्ची स्वतः पुसून दिली. हे धुतलेला शर्ट घालून आले होते. लायब्ररीच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हणालो, "काका, इथे चालतात." ते म्हणाले, "तुला चालत असतील." मग खिशातून फूटपट्टी काढून त्यांनी ती भारताच्या ओळीखाली धरली आणि मला वाचायला सांगितले. त्यांचे इंग्रजी बेताचे होते असे नव्हे, पण आपला निकाल आपण वाचू नये असे त्यांचे मत होते. सोव्हिएत संघाची ओळ आशिया, युरोप अशा सगळ्या खंडांच्या शेवटी, वेगळी, एकटीच छापलेली असे. "बघ," ते म्हणाले, "मोठा पाहुणा कसा सगळ्यांच्या शेवटी येतो." त्या वर्षी आपला आकडा वाढला होता आणि समोरच्यांचा किंचित उतरला होता. घरी परतताना त्यांनी आळीतल्या प्रत्येक दारात गूळ वाटला. "कशाबद्दल?" असे विचारणाऱ्याला ते सांगत, "आपण मागेच आहोत, पण कमी मागे."

माझ्या वडिलांना हे सगळे कळले तेव्हा ते बाजाराला आले असताना मुद्दाम त्यांना बघायला आले. ओटीवर दोघे समोरासमोर बसले. वडील म्हणाले, "आपल्याकरं तं भात हाय, नाय तं मीठ. सूर्यफूल कोन लावतंय आमच्यात?" त्यावर त्यांनी वडिलांना हाताला धरून मागच्या अंगणात नेले. तिथे तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून सूर्यफुलाची रोपे लावलेली होती आणि ती खरोखरच वडिलांच्या खांद्याला लागत होती. "रायगड जिल्ह्याचं एकूण पीक," ते अभिमानाने म्हणाले. दुर्दैवाने त्या जिल्ह्यात पोपट फार. दाणा भरला की एक थवा येई आणि जिल्ह्याचे पीक सकाळच्या चहाच्या आत संपवून जाई. ते त्यांना हाकलत नसत. कप हातात धरून उभे राहत, अंगठा तर्जनीवर फिरत असे, आणि पोपट उडाले की काकूंना सांगत, "निर्यात झाली." वडील जाताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "मानूस येडा नाय. पन त्याला कामाला लाव कायतरी."

समोरच्यांचा अपमान त्यांना सहन होत नसे. एकदा सलूनमध्ये कुणी म्हणाले की रशियाचा माल म्हणजे नुसता अवजड, टिकतो पण चालत नाही. हे खुर्चीत होते, एक गाल व्हायचा होता. ते तसेच फेसासकट उठले आणि म्हणाले, "ज्याच्याशी आपला सामना आहे त्याला हलका म्हणता? मग आम्ही काय हलक्याशी हरतोय?" आणि पुढचे दोन दिवस अर्ध्या दाढीने हिंडले. दुसरीकडे, रेडिओवर तिकडे कडाक्याची थंडी पडली असे ऐकले की त्यांचा चेहरा खुलायचा, मग त्यांच्या ते लक्षात यायचे आणि ते घाईघाईने म्हणायचे, "वाईट झालं हो. पोरंबाळं असतात." त्या काळी गुळगुळीत कागदाची रशियन मासिके स्वस्तात मिळत आणि आम्ही त्यांची कव्हरे वह्यांना घालत असू. अशाच एका मासिकातले सूर्यफुलांच्या शेताचे चित्र त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावले होते. त्यात एक जाडशी बाई डोक्याला फडके बांधून हसत उभी होती. काकू रोज देवांना फूल वाहत आणि त्या बाईकडे बघून म्हणत, "तू हास. तुला काय जातंय."

आणि मावरेवाली. ती उरणकडून मासळी घेऊन येई. टोपली काकूंच्या ओटीवर उतरली की पहिला प्रश्न ठरलेला.

"काय वयनी, हरला का रशिया?"

"कुठला हरतोय बाई. दे, कालवणाला दे काहीतरी."

"आवो, बोंबील बगा कसं हायत, चांदीवानी! तलून घाला भाऊंना. रशियाला कोन सांगाला जातंय?"

ओटीवरून उत्तर यायचे, "मला कळेल ना!"

"तुमाला कललं तं तुमी गप ऱ्हावा!" ती म्हणे. "घोव माझा दारू सोडत नाय, आन तुमी बोंबील सोडताव. देवानी मानसं वाटताना घोटालाच केलान." मग काकू आणि ती दोघी इतक्या हसत की शेवटी हेही हसत. पण मासळी निवडून झाल्यावर काकू एखादा बोंबील हातात घेऊन उगाच जरा वेळ बघत राहत आणि परत टोपलीत ठेवत, हे मी आत्याच्या खिडकीतून पुष्कळदा पाहिले आहे.

मी बी.कॉम.च्या मधल्या वर्षाला असताना, डिसेंबर संपता संपता, वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत बातमी आली की सोव्हिएत संघ संपला. देश म्हणून उरलाच नाही. त्याचे निरनिराळे देश झाले. आळीत ती बातमी राजकारण म्हणून कुणी वाचली नाही. सगळे थेट त्यांच्या ओटीवर जमले. आत्या म्हणाली, "समोरचे उठून गेले, आता शपथ कुणाशी?" कोपऱ्यावर कोर्टातले एक निवृत्त बेलिफ राहत, त्यांनी डोके हलवले. "प्रतिवादी मयत झाला म्हणून दावा निकाली निघत नाही. वारसांवर चालतो." काकू त्यांना म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चहा पिऊन झाला असेल तर निघा." आणि मावरेवाली तर टोपली डोक्यावर तशीच ठेवून ओरडत आली, "वयनी! तुटला म्हनं रशिया! तवा ठेवा!"

ते पेपर मांडीवर ठेवून बसले होते. सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर म्हणाले, "पुस्तकात अजून आहे."

आणि खरेच होते. पुस्तक दोन वर्षे मागून चालत असल्यामुळे पुढच्या वर्षी आम्ही लायब्ररीत गेलो तेव्हा सगळ्या खंडांच्या शेवटी तो देश जिवंत, आपल्या प्रचंड आकड्यासह उभा होता. त्यांनी फूटपट्टी धरली, मी वाचले. त्या दिवशी गूळ वाटला नाही. परत येताना मला म्हणाले, "तारा विझला तरी उजेड येत राहतो म्हणतात ना, तसं बघ हे." दोन वर्षे त्यांनी न उरलेल्या देशाशी नेटाने सामना चालू ठेवला. सामना तोच, पण खेळणाऱ्याचा आवाज उतरला होता. थंडीची बातमी आली की आता चेहरा खुलत नसे. वर्तमानपत्रात तिकडच्या रांगांची, पावासाठी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांची छायाचित्रे येत. ती ते भिंगातून बघत. एकदा मी विचारले, "काय बघताय काका?" तर म्हणाले, "त्या वयाचा असेल आता तो खलाशी."

मग ते वर्ष आले ज्या वर्षी पुस्तकातली शेवटची ओळ नव्हती. मी शोधून शोधून पाहिली. तिच्याऐवजी युरोप आणि आशियाच्या पानांवर नवी नावे पेरलेली होती, काही मला उच्चारताही येईनात. आणि सूर्यफुलाच्या रकान्यात त्यांतल्या बऱ्याच नावांसमोर आकडा नव्हता. नुसते ठिपके. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता, माहिती उपलब्ध नाही. मी हे वाचून दाखवले. त्यांनी फूटपट्टी उचलली, एका नावाखाली धरली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ग्रंथपालांनी पंखा बंद केला तेव्हा आम्ही उठलो.

घरी काकूंना मी जे वाचले ते सांगितले. काकूंनी पदर खोचला. "ठिपके म्हणजे काय? काही नाही. म्हणजे शून्य. शून्याच्या पुढे तरी आपण आहोत की नाही?" मी घाबरत म्हणालो, "आहोत." "झालं तर मग!" आणि त्यांनी मावरेवालीला हाक मारून सगळ्यात ताजे बोंबील घेतले. त्या दुपारी आळीभर तो वास सुटला, जो कित्येक वर्षांत त्या घरातून आला नव्हता. काकूंनी स्वतः ताट वाढले. ते येऊन बसले. ताटाकडे पाहिले, काकूंकडे पाहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, कोरं म्हणजे शून्य नव्हे. शून्य लिहायलासुद्धा माणूस लागतो."

काकूंनी वाढायला उचललेला दुसरा बोंबील परत थाळीत ठेवला.

"गोदीत कधी कधी असं व्हायचं," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "जहाज लागलेलं असायचं, पण पलीकडच्या बाजूने टॅली यायचीच नाही. आम्ही समजायचो, वर काहीतरी वाईट झालंय. कुणी आजारी, कुणाचा पगार नाही, कुणी पळून गेलेलं. माल असतो रे. मोजायला कुणी नसतं." आणि ताटाला नमस्कार करून उठले. ते बोंबील मग आत्याने आणि मी खाल्ले. अशा प्रसंगी त्यांची चव लागली नाही असे लिहिणे शोभून दिसेल, पण ते खोटे होईल. काकू समोर बसून आम्हाला वाढत होत्या. "कसे झालेत?" असे त्यांनी एकदाच विचारले, आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

त्यानंतरचे वर्ष कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. मावरेवाली आता रशियाचे नाव काढत नसे. काकूंनी बोंबील बघणेही सोडले. ते ओटीवर बसत, कधी मला विचारत, "पुस्तक आलं?" मी म्हणायचो, "नाही अजून." मी एम.कॉम.ला नाव घातले होते आणि दुपारी एका वकिलांकडे टायपिंग करत होतो. तरी रोज लायब्ररीत डोकावून यायचो. शेवटी ऐन परीक्षेच्या दिवसांत ग्रंथपालांनीच शिपायाबरोबर निरोप पाठवला, तुमच्या काकांचे पुस्तक आले. त्यांना लायब्ररीत घेऊन जायला मला वेळ नव्हता. आणि त्यांचे गुडघेही आता साथ देत नव्हते. ग्रंथपालांनी आजवर ते पुस्तक कुणाला घरी दिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "उद्या सकाळी आण."

मी धावतच आलो. ते झोपाळ्यावर होते. त्यांनी मला पाहिले, पुस्तक पाहिले, आणि झोपाळा पायाने थांबवला. आत्या दारात आली. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"वाच," ते म्हणाले. फूटपट्टी त्यांनी काढली नाही.

मी पान काढले. "भारत…"

"आपलं नको. त्यांचं."

मी युरोपच्या पानावर गेलो. एकेक नाव लावत, अडखळत, बोट ठेवत वाचत गेलो. युक्रेन. आकडा होता. रशिया. आकडा होता, भलामोठा. मोल्दोवा. होता. मग आशियात आलो, कझाकस्तान, आणि तिथेही होता, लहानसा, पण होता. प्रत्येक आकडा मी वाचला की त्यांचा अंगठा तर्जनीवर एक रेघ मारत होता. चार झाल्यावर ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"जॉर्जिया," मी म्हणालो. "आहे."

पाचवी रेघ आडवी गेली.

"एकही ठिपका नाही?"

"नाही काका. सगळ्यांचं आलंय."

"कोणीतरी मोजतंय म्हणजे. माणसं आहेत तिथे," ते म्हणाले. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला, परत लावला, आणि परत काढला.

उंबऱ्यातून काकूंनी विचारले, "मग? गेलो का आपण पुढे?" मी मागचे पान काढून भारताचाही आकडा वाचला.

"छे," ते म्हणाले. "रशिया नि युक्रेन, दोघं अजून आपल्या पुढेच आहेत. चांगले दणदणीत पुढे. राहू देत तसेच." आणि ही बातमी सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, जसा मी भारताच्या आकड्यावरही कधी पाहिला नव्हता. मग ते झोपाळ्यावरून हळूच उठले, आत जायला निघाले, आणि काकूंजवळून जाताना, जणू काही रोजचेच असावे तसे, म्हणाले, "आज मावरेवाली येऊन गेली का गं? बोंबील असले तर तळ."